वैद्याची तटस्थता

चेकॉव्हच्या कथांतील तटस्थता ही त्याच्या वैद्यकीची देणगी होय, असे म्हणण्याचा प्रघात आहे. १८८४ मध्ये तो डॉक्टर झाला आणि रोग्याकडे पाहण्याची दृष्टी त्याने माणसांकडे पाहतानाही वापरली, हे खरेच. परंतु या तटस्थतेची सर्वांत कठोर झडती त्यानेच घेतली, याकडे दुर्लक्ष होते. १८९० मध्ये साखालीन बेटावरील कैद्यांचे जिणे पाहून आल्यावर त्याने लिहिलेली ‘वॉर्ड नंबर सहा’ ही कथा १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील डॉक्टर रागिन वेड्यांच्या वॉर्डातील ग्रोमोव्हला वेदना तुच्छ मानण्याचा उपदेश करतो. ज्याने कधी मार खाल्ला नाही त्याचे हे तत्त्वज्ञान आहे, असे ग्रोमोव्ह त्याला सुनावतो. अखेर रागिनच त्या वॉर्डात कोंडला जातो. आणि वीसहून अधिक वर्षे जे त्याला कळले नाही, ते पहारेकरी निकिताचे ठोसे बसताच कळते. अलिप्तता आणि उदासीनता यांतील भेद तो हाच. पहिलीला रोग दिसतो, दुसरीला रोगी दिसेनासा होतो. डॉक्टरांच्या लेखनाचे मोल करताना अनुभवाची विपुलता मोजून भागत नाही. लेखकाने स्वतःला त्या खाटेवर कल्पिले आहे काय, हे पाहावे लागते.