प्रोपेलरच्या आर्मला फ्लायव्हीलचं गणित लावू नका

ड्रोनच्या कंट्रोलवर काम करायचं म्हटलं की बरीच मुलं एकाच ठिकाणाहून सुरुवात करतात. एक हलका आर्म घ्यायचा, त्याच्या एका टोकाला मोटर आणि प्रोपेलर, दुसरं टोक बेअरिंगवर. मॉडेलमध्ये सगळ्यात आधी लागतो तो या आर्मचा मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातलं जडत्व आघूर्ण. मग तो मोजायला टेस्ट स्टँड बांधला जातो, आणि हा स्टँड म्हणजे जवळपास नेहमीच बी.एस्सी.चा फ्लायव्हील असतो: शाफ्टला दोरा गुंडाळा, वजन लटकवा, सोडा, फेरे मोजा. माझं स्पष्ट मत आहे की हा स्टँड या कामाचा नाही.

फ्लायव्हीलचा प्रयोग वाईट आहे असं मी म्हणत नाही. वजन सुटल्यावर चाक थांबेपर्यंतचे फेरे मोजून घर्षणाचा हिशेब धरायचा, ही त्यातली युक्ती सुंदरच आहे. पण तिच्या पोटात दोन गृहीतकं आहेत आणि व्हायवात ती कोणी विचारत नाही. पहिलं, प्रत्येक फेऱ्याला घर्षणात सारखीच ऊर्जा जाते. दुसरं, चाक एकसारख्या दराने मंदावतं, म्हणून सरासरी वेगाच्या दुप्पट म्हणजे सुरुवातीचा वेग. पाच किलोच्या, दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या गुळगुळीत लोखंडी चाकाला ही दोन्ही बऱ्यापैकी चालतात. त्याचा इनर्शिया साधारण ०.०२५ किलो-मीटर वर्ग.

आता आर्म बघा. अर्धा मीटर लांब, दोन सेंटिमीटर जाड, ६० ग्रॅमची नळी आणि टोकाला १०० ग्रॅमची मोटर व प्रोपेलर. इनर्शिया ०.०३०, म्हणजे चाकाएवढाच. वजन मात्र १६० ग्रॅम, आणि हवेला अडणारी लांबी अर्धा मीटर. शाफ्टची त्रिज्या दोन सेंटिमीटर धरली आणि १०० ग्रॅम लटकवले तर टॉर्क येतो ०.०२ न्यूटन-मीटरच्या आत. आर्म सेकंदाला ५ रेडियन वेगाने फिरत असताना नुसत्या नळीवरचा हवेचा विरोध ०.००५ च्या आसपास जातो. पाव टॉर्क हवेनेच खाल्ला! शिवाय हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पहिलं गृहीतक तिथेच संपलं.

दुसऱ्याची गत आणखी वाईट. आर्म आधी भरभर मंदावतो आणि शेवटी रेंगाळतो. बेअरिंगचं घर्षण ०.००२ न्यूटन-मीटर धरून मी हिशेब केला. खरा वेग ५ असताना दुप्पट-सरासरीचं सूत्र ३.९ च्या आसपास देतं. इनर्शिया काढताना या वेगाच्या वर्गाने भागायचं असतं, म्हणून उत्तर दीडपटीच्याही वर जातं. घर्षणाच्या दुरुस्तीतली चूकही त्याच दिशेने ढकलते. दहा रीडिंग घेऊन सरासरी काढली तरी हे जात नाही, उलट रीडिंग एकमेकांशी छान जुळतात आणि आपण खूश होतो.

याची किंमत कुठे मोजावी लागते? कंट्रोलर डिझाइन करताना आर्म दीडपट जड धरला की तो गरजेपेक्षा जास्त जोर लावतो. सिम्युलेशनमध्ये सगळं गुळगुळीत दिसतं आणि खरा आर्म मात्र डुलत राहतो. २०२३ मध्ये नमो ड्रोन दीदी योजना आली, देशभरात १५,००० बचत गटांना ड्रोन द्यायची. कामरगावच्या सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यातल्या पोरांनाही आता फवारणीच्या ड्रोनवर विषय घ्यावासा वाटणं साहजिक आहे. त्या ड्रोनमध्ये तर टाकी रिकामी होत जाते तसा इनर्शियाही बदलत जातो. सुरुवातीचाच आकडा चुकला तर पुढच्या बदलाचं काय सांगणार?

मग करायचं काय? आर्म फिरवू नका, झुलवा. स्टँड असा ठेवा की शाफ्ट आडवा येईल आणि आर्म खाली लोंबेल. दहा अंशांच्या आत झोका द्या. वरच्या आर्मला एका झोक्याला साधारण १.३६ सेकंद लागतात. वेग कमी, म्हणून हवा झोका लहान करते पण त्याच्या वेळेला फारसा धक्का लावत नाही. सायकलच्या हबवर दहा झोके सहज मिळतात. स्टॉपवॉचवर विसंबू नका, मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये फ्रेम मोजा. दुसरं मोजमाप किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर होतं: आर्म आडवा धरून मोटरचं टोक काट्यावर टेकवा. इथे १३० ग्रॅम दिसायला हवेत. ते किलोत घेऊन गुणिले अर्धा मीटर गुणिले ९.८, हा झाला आर्मला परत ओढणारा गुणक. त्याला झोक्याच्या वेळेच्या वर्गाने गुणा आणि चार पाय वर्गाने भागा. आला इनर्शिया. गुरुत्वमध्य शोधायचीही गरज नाही.

ही पद्धत काही नवी नाही. अमेरिकेच्या नाका संस्थेच्या १९३३ च्या अहवालात सोल आणि मिलर यांनी अख्खी विमानं टांगून, झुलवून त्यांचे इनर्शिया काढले आणि विमानासोबत हलणाऱ्या हवेचीही दुरुस्ती केली. जिथे विमान झुलवलं, तिथे १६० ग्रॅमचा आर्म झुलवायला हरकत नसावी.

एक अडचण मात्र खरी आहे. आर्मच्या दुसऱ्या टोकाला तोलाचं वजन किंवा दुसरी मोटर असेल तर तो लोंबतच नाही, कुठेही थांबतो. तिथे झोका निरुपयोगी. मग दोन समांतर दोऱ्यांवर आडवा टांगून, थोडा पिळून सोडायचा आणि त्या डुलण्याची वेळ मोजायची. यात दोऱ्यांमधलं अंतर वर्गात येतं, म्हणून वीस सेंटिमीटरमध्ये दोन मिलिमीटर चुकलात तर उत्तरात दोन टक्के गेले. आधी माहितीची लोखंडी पट्टी टांगून बघा. तिचा इनर्शिया वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग भागिले बारा येतो का, ते तपासा, आणि मगच आर्मकडे वळा. रिपोर्टमध्ये त्या पट्टीचंही रीडिंग छापा. गाइड विचारो वा न विचारो.