खोळंबा : सागरी वादळांविषयीच्या मराठी लेखनातील एक उणीव

कोकण किनाऱ्यावरील आगबोटींविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्याचा बराचसा भाग बुडालेल्या बोटींविषयीचा आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यापूर्वी ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच दिवशी वादळात नाहीशा झाल्या. या घटनांच्या आठवणी वर्तमानपत्रांतून, स्मरणिकांतून व स्थानिक इतिहासांतून आजवर पुनःपुन्हा सांगितल्या गेल्या आहेत. परंतु ज्या बोटी वादळाची चाहूल लागताच बंदरात थांबून राहिल्या, ज्या उशिरा सुटल्या, ज्या श्रीवर्धनसारख्या उघड्या बंदरात उतारू न उतरवताच पुढे गेल्या, त्यांची नोंद या लेखनात जवळजवळ नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ही उणीव आहे. तिचे कारण केवळ कथनाच्या सोयीत नसून ज्या शब्दांत आपण समुद्राविषयी लिहितो त्या शब्दांतही आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

प्रथम 'खोळंबा' या शब्दाचाच विचार करू. मराठीत उशीर बोटीला होतो, खोळंबा मात्र माणसांचा होतो. 'बोटीला उशीर झाला' या वाक्यात वेळापत्रक आणि बोट एवढ्यांचाच संबंध सांगितला आहे. 'आमचा खोळंबा झाला' या वाक्यात धक्क्यावर बसलेली माणसे, त्यांची अडलेली कामे आणि पुढचे अनिश्चित तास येतात. 'विलंब' हा तत्सम शब्द कचेरीच्या कागदात शोभतो, परंतु त्यात ही माणसे नाहीत. म्हणजे थांबण्याचा अनुभव थांबणाऱ्याच्या बाजूने सांगणारा शब्द भाषेत आहे. ती बाजू लिहिणाऱ्यांनीच सोडून दिली.

अर्थात खोळंब्याला खोळंबा म्हणावयाचे, तर आधी ठरलेली वेळ असावी लागते. शिडाच्या गलबताला ठरलेली वेळ नसे. वारा अनुकूल झाला म्हणजे ते निघे, आणि तोवर वाट पाहणे हा प्रवासाचाच भाग असे. ठराविक दिवशी, माल व उतारू पुरेसे असोत वा नसोत, बोट सोडावयाचीच, ही कल्पना तुलनेने अलीकडची आहे. ५ जानेवारी १८१८ रोजी 'जेम्स मन्रो' हे जहाज भर हिमवर्षावात, जाहीर केलेल्या तारखेस, न्यूयॉर्कहून लिव्हरपूलकडे निघाले. त्या दिवसापासून अटलांटिकवरील नियमित वाहतुकीचा आरंभ धरतात. नंतरच्या प्रचंड 'लायनर' जहाजांचे नावदेखील अशा ठरलेल्या मार्गावरील सेवेवरूनच पडले. हिवाळ्यातील वादळांमुळे या जहाजांना तास, प्रसंगी दिवस, गमवावे लागत. परंतु हिवाळा आला म्हणून मार्ग बंद होत नसे. तेथे खोळंबा हा वेळापत्रकातील दोष मानला गेला आणि त्याचा हिशेब ठेवला गेला.

आपल्या समुद्राचे पंचांग याच्या उलट आहे. अरबी समुद्राचा पूर्व किनारा हिवाळ्यात बहुधा शांत असतो आणि पावसाळ्यात बंद असतो. मुंबईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या किनारी आगबोटी पावसाळ्यात थांबत. धरमतर किंवा रेवस यांसारखे खाडीतले व जवळचे मार्गच काय ते चालू राहत. या पंचांगासाठी किनाऱ्याच्या बोलीने नेमके शब्द घडविले आहेत. पावसाळ्यापूर्वीचे दिवस म्हणजे 'आगोट'. त्या दिवसांत घरात सुकी मासळी भरावयाची आणि होड्या ओढून, झापांनी झाकून, म्हणजे 'शाकारून', ठेवावयाच्या. नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा झाली की पुन्हा समुद्रावर जावयाचे. भरतीच्या जोराला 'उधाण' आणि 'भांग' असे दोन वेगळे शब्द आहेत. 'मोसम' हा अरबी शब्द याच मार्गाने आला. मूळच्या 'नेमलेला काळ' या अर्थाने तो आंब्यापर्यंत पोहोचला. आणि तोच शब्द पोर्तुगीज व इंग्रजी वळसा घेऊन 'मान्सून' या रूपाने दुसऱ्यांदा मराठीत दाखल झाला. नाखवा, खलाशी, सुकाणू, बंदर हे शब्दही फारसी-अरबी व्यवहारातून आले. जहाजाचा 'नांगर' फारसी 'लंगर'वरून आला आणि शेतातला 'नांगर' संस्कृत 'लाङ्गल'वरून. आज त्यांच्यात उच्चाराचा फरक उरलेला नाही.

हा शब्दसंग्रह पावसाळ्याच्या संकटाला पुरेसा आहे, कारण ते संकट तिथीने येते. परंतु नोव्हेंबरचे वादळ तिथीने येत नाही. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन काळ असतात : एक मे-जूनमध्ये, पाऊस सुरू होण्याच्या सुमारास, आणि दुसरा पाऊस संपल्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. यांपैकी दुसरा काळ नेमका बंदरे उघडी असतानाचा आहे. नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघालेली 'वैतरणा' सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला 'वीजळी' म्हणत, आणि गुजरातीत तिच्यावर लोकगीते झाली. 'जयंती' आणि 'तुकाराम' यांचाही दिवस नोव्हेंबरचाच. पुढे २००९ साली 'फयान' हे चक्रीवादळ महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आले तेही ११ नोव्हेंबर रोजीच. त्या योगायोगाला अर्थ चिकटविण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, ज्या ऋतूत पंचांग 'जा' म्हणते त्याच ऋतूत हे वादळ येते. अशा वेळी 'आज नको' असे कोणीतरी त्या दिवशी ठरवावे लागते. अटलांटिकवरच्या हिवाळी वादळाशी आपल्या अनुभवाचे साम्य असेल तर ते येथे आहे.

हा निर्णय सांगण्याची रूढ खूण म्हणजे 'बावटा'. कलकत्ता बंदरासाठी वादळाचे इशारे १८६५ मध्ये सुरू झाले आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. बंदरांवर दिवसा शंकू व नळकांड्यांच्या आकृती आणि रात्री दिवे लावून क्रमांकाने इशारा देण्याची पद्धत त्यानंतर सर्वत्र रूढ झाली. मराठीने त्या आकृतींना 'बावटा'च म्हटले. 'तीन नंबरचा बावटा लागला' हे वाक्य कोकणात आजही सर्वांना कळते. वस्तू कापडाची नाही हे कोणी मनात आणत नाही, कारण शब्दाचा अर्थ आता वस्तूवर नसून आज्ञेवर आहे. 'सायक्लोन' हा शब्द हेन्री पिडिंग्टन यांनी कलकत्त्यात १८४८ मध्ये रूढ केला आणि त्याचे 'चक्रीवादळ' हे मराठी रूप चांगलेच रुळले. परंतु चक्रीवादळ हे वादळाचे वर्णन आहे, तर बावटा ही माणसाने केलेली कृती आहे. वादळाच्या आठवणी लिहिताना आपण पहिला शब्द घेतला आणि दुसरा सोडला.

याचा परिणाम वाक्यरचनेत दिसतो. दुर्घटनेच्या मराठी वृत्तांतांत 'बोट वादळात सापडली', 'बोटीवर काळाने घाला घातला', 'बोटीला जलसमाधी मिळाली' ही वाक्ये ठरून गेल्यासारखी येतात. 'सापडली' या क्रियापदात बोट कोणी सोडली हा प्रश्नच उरत नाही. 'काळाने घाला घातला' यात कर्ता आहे, परंतु त्याला जाब विचारता येत नाही. आणि 'जलसमाधी' हा शब्द तर विशेष विचार करण्याजोगा आहे. समाधी घेतली जाते. ती योग्याची, संताची इच्छापूर्वक कृती आहे. गर्दीने भरलेल्या बोटीतून पाण्यात फेकल्या गेलेल्या माणसांच्या मृत्यूला तो शब्द लावताना आपण एका अपघाताला अंतिम विधीचे रूप देतो. आगबोटींना तुकाराम, रामदास अशी संतांची नावे होती, आणि 'रामदास' ज्या कंपनीची, तिला उतारू आपुलकीने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. या नावांच्या शेजारी 'जलसमाधी' सहज जाऊन बसली असावी. परंतु सहज बसलेला शब्द योग्यच असतो असे नाही. 'रामदास' जुलैमध्ये, पावसाळ्यात, सुमारे सातशे माणसे घेऊन निघाली होती. अपघाताची बातमी पोहून वाचलेले लोक किनाऱ्याला लागल्यावर कळली. ती बोट त्या दिवशी थांबली असती तर काय, हा प्रश्न ज्या वाक्यरचनेत विचारताच येत नाही, ती वाक्यरचना शोकाची असेल, इतिहासाची नव्हे.

यावर असा आक्षेप येईल की, खोळंबा ही घटनाच नव्हे. न घडलेल्या गोष्टीची कथा कशी होणार? आक्षेप अगदीच निराधार नाही. बुडालेल्या बोटीला आरंभ, मध्य आणि अंत असतो. थांबलेल्या बोटीला फक्त मध्य असतो. तथापि कथा होत नाही म्हणून नोंदही होऊ नये, असे होत नाही. शिवाय किनाऱ्यावरच्या माणसांचे आयुष्य बुडालेल्या बोटींपेक्षा थांबलेल्या बोटींनी अधिक घडविले. श्रीवर्धनला आगबोट धक्क्याला लागत नसे. ती समुद्रात उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्यावर येत. समुद्र थोडा जरी उसळला तरी पडाव आगबोटीच्या बाजूला नीट लागत नसे. म्हणजे मोठ्या बोटीला धोका नसतानाही या बंदराचा खोळंबा होई. 'लागणे' या एका क्रियापदात हा सर्व व्यवहार आहे : बोट बंदराला लागते, पडाव बोटीला लागतो आणि उतारूला 'बोट लागते', म्हणजे मळमळ सुरू होते. मुंबईतील नोकरी, गावातील लग्नकार्य, आजाऱ्याचे औषध, सुपारीची विक्री हे सारे या क्रियापदावर अवलंबून होते.

दुसरा आक्षेप भाषाशास्त्राच्या बाजूने येऊ शकेल : ही उणीव साहित्याची आहे, भाषेच्या अभ्यासाची नाही. दुर्दैवाने अभ्यासाची परंपराही येथे निर्दोष नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा पाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोळी, बाणकोटी यांसारख्या किनाऱ्याच्या बोलींना स्थान मिळाले, ही मोठीच गोष्ट होय. परंतु बोलींच्या तुलनेसाठी सर्वत्र जो मुख्य नमुना घेतला, तो बायबलमधील उधळ्या मुलाचा दृष्टान्त. त्यात शेत आहे, दुष्काळ आहे, डुकरे आहेत, वासरू आहे, समुद्र नाही. सोबतच्या ठराविक शब्दयादीत शेतकरी, मेंढपाळ आणि उंटसुद्धा आहेत. खलाशी नाही, वादळ नाही. सर्व भारतासाठी एकच मोजपट्टी हवी होती, हे खरे. तुलनेला तिचा उपयोग झाला, हेही खरे. पण त्या मोजपट्टीने मोजलेली कोळी बोली ही समुद्रावरून उचलून शेतात ठेवलेली बोली आहे. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने (१९३२ ते १९३८) किनाऱ्याचे कित्येक शब्द वाचविले. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या बोलींच्या पाहणीने १९६३ पासून वर्णनाची शिस्त घालून दिली. तरीही शब्द गोळा करणे वेगळे आणि ते शब्द ज्या निर्णयाच्या क्षणी बोलले जातात तो क्षण टिपणे वेगळे. 'वारा पडला', 'वारा फिरला', 'आज नको' ही वाक्ये कोशात सुट्या शब्दांनी मिळतात. ती कोण कोणाला सांगतो, कोणाचे ऐकले जाते आणि कोणाचे नाही, हे मिळत नाही.

या चर्चेला केवळ ऐतिहासिक महत्त्व आहे असे मानता येणार नाही. किनारी आगबोटींची ती जुनी सेवा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संपली. श्रीवर्धनच्या जीवना बंदरावरून मासेमारीच्या होड्या मात्र जातात. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातील नारळी-पोफळीच्या बागांची फार मोठी हानी झाली. रोठा सुपारीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाच्या वाड्या उघड्या पडल्या. त्यावेळी इशारे वेळेवर आले होते आणि होड्या किनाऱ्यावर होत्या. ते वादळ आगोटीचे होते. पंचांग आणि हवामान खाते त्या दिवशी एकाच बाजूला होते. नोव्हेंबरात तसे नसते. मासळीचा हंगाम भरात असताना 'समुद्र खवळलेला ते अति खवळलेला राहील' अशा साच्याचे भाषांतरित वाक्य तांडेलाच्या कानी पडते, तेव्हा 'खवळलेला' आणि 'अति खवळलेला' यांतील अंतर त्याच्या अनुभवातील कोणत्या अंतराशी जुळते, हे त्या वाक्यातून त्याला कळत नाही. 'बावटा' या शब्दाने जे एका क्षणात कळत असे, ते या वाक्याला कळविता येत नाही. थांबले तर दिवसाची कमाई जाते; न थांबले तर काय जाईल ते वाक्य सांगत नाही.

म्हणून दोन कामे सुचवावीशी वाटतात. पहिले, किनाऱ्यावरील वृद्ध तांडेल, खलाशी आणि जुने उतारू यांच्याकडून बुडालेल्या बोटींच्या हकीकतींबरोबरच थांबलेल्या बोटींच्या हकीकतीही त्यांच्याच बोलीत, वाक्यासकट, टिपून घ्याव्यात. प्रश्नावलीत 'बोट का थांबली?' याबरोबर 'कोणी थांबवली?' हा प्रश्न असावा. दुसरे, वादळाच्या इशाऱ्यांचा मराठी मसुदा अशा नोंदींच्या आधारे तपासावा आणि किनाऱ्याच्या श्रोत्याला समजणारी श्रेणी त्यात आणावी. पहिले काम बोलीअभ्यासकांचे आहे आणि त्याला फार काळ उरलेला नाही, कारण आगबोटीने श्रीवर्धनला उतरलेली पिढी आता थोडी राहिली आहे. दुसरे काम एकट्या भाषाविभागाचे नव्हे. पण पहिले झाल्यावाचून ते कोणालाच करता येणार नाही.