बिऱ्हाड पाठीवर, मूल कडेवर

घराला चाके लावून हिंडणाऱ्या हिप्पी कुटुंबांचे १९६०-७०च्या दशकांत जगभर कौतुक झाले. त्यांतली मुले मोठी होऊन काय म्हणाली, हे मात्र फार थोड्यांनी विचारले. हाच प्रश्न मनात धरून आम्ही लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचली. १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राची लेखिका जलालपूरची, म्हणजे आम्हां सातपूरकरांच्या शेजारचीच.

रेव्हरंड टिळकांच्या पायाला भिंगरी होती. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लहानगा दत्तू आईबरोबर पंढरपुरात राहिला. पुढे नगरला पुन्हा घर मांडले गेले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. हाती पैसा टिकू न देणारा हा कवी प्रभूच्या हाकेला ओ देत होता, याविषयी आम्हांला शंका नाही. पण हाक एकाला आली आणि बिऱ्हाड सगळ्यांना उचलावे लागले.

लक्ष्मीबाईंचे मोठेपण असे, की त्या याचे गाऱ्हाणे करीत नाहीत आणि पतीची आरतीही ओवाळीत नाहीत. त्या हसतात, त्या हसण्यातच रिकाम्या डब्यांचा हिशेब असतो. उणीव एकच जाणवते. दत्तू पानोपानी दिसतो, पण त्याचे मन आपल्याला आईच्या नजरेतूनच कळते. आईच्या पश्चात देवदत्तांनी ग्रंथ पूर्ण केला, तोही प्रामुख्याने आईवडिलांसाठी.

याच्या शेजारी लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) ठेवून पाहावे. गाढवावर बिऱ्हाड लादून टोपल्या विणीत हिंडणारे ते कैकाडी कुटुंब. तिथे भटकंती निवडलेली नव्हती, जन्माने लादलेली होती. आणि तिथला बाप मुलाला शाळेत बसवण्यासाठी धडपडत होता. येथे मूल स्वतः बोलते, म्हणून ते पुस्तक अधिक बोचते. एका घरातला बाप स्थैर्य सोडतो, दुसऱ्या घरातला ते मुलासाठी मागतो. मुलाच्या बाजूने पाहिले, तर दुसऱ्याचा त्याग आम्हांला कमी वाटत नाही.

संत फ्रान्सिसने दारिद्र्याचे व्रत घेतले, तेव्हा त्याच्यामागे बायकामुले नव्हती. आपली ख्रिस्तसभा असे व्रत अविवाहितांकडून घेते, यामागे मोठे शहाणपण आहे. गृहस्थाच्या व्रतावर मुलाचीही सही असते, न विचारता घेतलेली.

आमच्या औद्योगिक वसाहतीत कामामागे खोल्या बदलणारी कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांच्या मुलांना दरवेळी नवी शाळा, नवे शेजारी. ध्येयासाठी असो वा पोटासाठी, बिऱ्हाड हलवताना मुलाला दोन शब्द विचारावेत. ‘स्मृतिचित्रे’ घरोघरी वाचली जावीत, ती टिळकांच्या भक्तीसाठी तर खरीच. पण दत्तूकडेही लक्ष ठेवून.