स्तोत्रसंहितेतील विलाप आणि उपासनेचा निर्णय

जुन्या करारातील स्तोत्रसंहितेस मूळ हिब्रू भाषेत 'तहिल्लीम', म्हणजे 'स्तवने', असे नाव आहे. मराठी भाषांतरकारांनी योजलेला 'स्तोत्र' हा शब्दही स्तुतीचाच वाचक आहे. परंतु हे नाव मनात धरून या 150 गीतांच्या संग्रहाकडे वळणाऱ्या अभ्यासकास आरंभीच एका विसंगतीला तोंड द्यावे लागते. या संग्रहात संख्येने सर्वांत मोठा वर्ग आहे तो विलापगीतांचा. रोग, शत्रूंचा छळ, स्वकीयांनी केलेला त्याग आणि देवाचे दीर्घ मौन हे या गीतांचे विषय होत. ज्या गीतांत देवाविरुद्धचे गाऱ्हाणे देवापुढेच मांडले आहे, त्यांना स्तवन का म्हणावे? हा प्रश्न केवळ ग्रंथाच्या नावापुरता नाही. दुःखाच्या काळात मनुष्य उपासनेची निवड करतो तेव्हा तो नेमके काय करतो, या प्रश्नाचे उत्तरही त्यात गुंतलेले आहे.

या दुसऱ्या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. टीकाकारांच्या मते अशी उपासना म्हणजे दुःखापासून पलायन होय; भाविकांच्या मते ती ईश्वरी इच्छेपुढची निमूट शरणागती होय. ही उत्तरे परस्परविरोधी दिसली तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. तक्रार संपते तेथे उपासना सुरू होते, असे दोन्ही पक्ष मानतात. बायबलमधील प्रत्यक्ष संहिता या गृहीताला आधार देते काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

निमूटपणाचा आदर्श म्हणून ईयोबाचे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. एकाच दिवशी धन, सेवक आणि दहा अपत्ये गमावल्यावर ईयोब उठतो, वस्त्र फाडतो, डोके मुंडतो आणि भूमीवर पडून उपासना करतो. येथे शोकविधी आणि उपासना यांची क्रियापदे एकाच वचनात सलग आली आहेत; शोक आवरल्यानंतर उपासना झाली असे कथनकार सांगत नाही. पुढे तिसऱ्या अध्यायात हाच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, आणि तेथून देवाला न्यायासनापुढे ओढू पाहणारी त्याची दीर्घ भाषणे सुरू होतात. त्याचे मित्र मात्र देवाच्या न्यायाचे आग्रहाने समर्थन करतात. ग्रंथाच्या शेवटी, 42 व्या अध्यायात, देवाचा कोप होतो तो या समर्थकांवर. ईयोबाप्रमाणे ते देवाविषयी यथार्थ बोलले नाहीत, असा निवाडा दिला जातो. गद्य चौकटीतील सोशिक ईयोब तेवढा उचलून पद्यभागातील वाद घालणारा ईयोब बाजूस सारणारे वाचन, ग्रंथाने स्वतः दिलेल्या निर्णयाच्या विरुद्ध जाते.

विलापस्तोत्रांच्या रचनेचे शास्त्रशुद्ध विवेचन हेर्मान गुंकेल यांच्या 1926 च्या भाष्यापासून दृढमूल झाले. हाक, गाऱ्हाणे, याचना, विश्वासाचे उद्गार आणि स्तुतीचा संकल्प हे या गीतांचे सामान्य घटक होत. 13 वे स्तोत्र हा त्याचा सर्वांत आटोपशीर नमुना आहे. अवघ्या सहा वचनांच्या या गीतात आरंभीच 'किती काळ' हा प्रश्न चार वेळा येतो. मधल्या दोन वचनांत याचना आहे. आणि शेवटच्या दोन वचनांत विश्वास व गायनाचा संकल्प आहे. मधल्या काळात परिस्थिती पालटल्याची एकही खूण संहितेत नाही. शत्रू तेथेच आहे, मृत्यूचे भयही तेथेच आहे. तरीही 'पण मी' अशा विरोधदर्शक जोडणीने गीताचा सूर बदलतो.

हा बदल कशाने घडला? योआखिम बेग्रिख यांनी 1934 साली असे प्रतिपादन केले की याचनेनंतर मंदिरातील याजक देवाच्या वतीने अभयवचन उच्चारीत असावा, आणि स्तुतीचे उद्गार हे त्या अभयाला दिलेले उत्तर असावे. ही उपपत्ती आकर्षक आहे. तथापि बहुतेक स्तोत्रांत असे अभयवचन प्रत्यक्ष आढळत नाही. क्लाउस वेस्टरमान यांनी दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी असताना स्तोत्रांचा जो अभ्यास आरंभिला, त्यात विलापाकडून स्तुतीकडे जाणारी गती हीच या गीतांचे अंतःसूत्र म्हणून पुढे आली. या दोन मतांत एक गोष्ट सहसा निसटते. मूळ विधीत याजकाचा शब्द असो वा नसो, संग्रहात तो जतन केलेला नाही. म्हणून पुढील सर्व पिढ्यांच्या उपासकांना हे स्तोत्र अभयवचनावाचून म्हणावे लागले. 'पण मी' या दोन शब्दांपूर्वीची जागा त्यांच्यासाठी रिकामी राहिली, आणि ती ओलांडणे हा त्यांचा स्वतःचा निर्णय ठरला. हबक्कूकच्या तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी अंजीर, द्राक्ष, जैतून, शेत, मेंढवाडा आणि गोठा यांचा एकामागून एक नाश सांगून मग आनंदाचा संकल्प येतो, तोही असाच. तेथे नाशाची यादी वगळली तर संकल्पाला अर्थच उरत नाही.

या विवेचनाची खरी कसोटी 88 वे स्तोत्र होय. येथे वळण येतच नाही. गायक तीन वेळा आपल्या अखंड प्रार्थनेचा उल्लेख करतो. परंतु मूळ हिब्रूत गीताचा शेवट अंधार या अर्थाच्या शब्दावर होतो. स्तुतीचा संकल्प हेच उपासनेचे लक्षण मानले तर हे गीत संग्रहात असावयास नको होते. ते आहे, आणि 'स्तवने' या नावाखालीच आहे. याचा अर्थ असा की संग्राहकांच्या दृष्टीने उपासनेचे किमान लक्षण संबोधन हे होते. उत्तर न देणाऱ्यालाच पुन्हा हाक मारणे, त्याच्याशी बोलणे न तोडणे, एवढाच निर्णय येथे उरला आहे. आणि तो स्तुतीहून कमी प्रतीचा मानलेला नाही.

मराठी वाचकाला हा भाव अपरिचित नाही. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात पत्नी व पुत्र गमावलेल्या तुकोबांनी विठ्ठलाशी मांडलेले भांडण हा त्यांच्या भक्तीचा अविभाज्य भाग आहे. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले; त्यांनी ख्रिस्ती भजनासाठी अभंगाचा स्वीकार केला, तेव्हा गाऱ्हाण्याची ही परंपराही मराठी ख्रिस्ती उपासनेच्या हाताशी आली.

दुःख आणि धर्मनिवड यांच्या संबंधाचा मराठीतील सर्वांत बोलका पुरावा मात्र पंडिता रमाबाईंचे जीवन होय. संकटात सापडलेला मनुष्य अगतिकतेने धर्म स्वीकारतो, ही शंका दुष्काळातील धर्मांतरांविषयी वारंवार घेतली गेली आणि ती गंभीर आहे. परंतु रमाबाईंच्या बाबतीत कार्यकारणाची सरळ रेषा जुळत नाही. 1870 नंतरच्या दुष्काळात त्यांच्या कुटुंबाने देवकार्ये आणि दानधर्म निष्ठेने केले, तरी आईवडील व बहीण यांना मृत्यू आला. 1880 साली भाऊ आणि 1882 साली पती गेले. या आघातांच्या काळात त्यांची जुनी श्रद्धा ढासळली; 1883 साली वाँटेज येथे झालेला बाप्तिस्मा त्यानंतरचा आहे. आणि त्यानेही शोध संपला नाही, अशी साक्ष त्यांनीच 1907 साली दिली. दुःखाने त्यांना उपासनेपासून दूरही नेले आणि तिच्याकडेही आणले. 1921 साली एकुलती कन्या मनोरमा वारली तेव्हा त्या संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याच्या कामात होत्या. 1922 साली त्यांचे निधन झाले. भाषांतर 1924 साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या मनात काय चालले होते याविषयी तर्क करण्याचे कारण नाही. संपूर्ण ग्रंथाच्या भाषांतरकाराला 88 वे स्तोत्र वगळता येत नाही, एवढी वस्तुस्थिती पुरेशी आहे.

भजनसंग्रहाच्या संपादकाला मात्र ते वगळता येते. वॉल्टर ब्रूगमन यांनी 1986 च्या एका निबंधात विलाप लुप्त झाल्याने उपासनेची मोठी हानी होते, असा इशारा दिला तो याचसाठी. जेथे केवळ स्तुतीला मुभा असते, तेथे दुःखिताला गप्प राहणे किंवा खोटे बोलणे एवढेच शक्य असते. त्याची निवड निवड राहत नाही. ज्या उपासनेत नकाराचे आणि जाब विचारण्याचे शब्द उपलब्ध आहेत, तेथेच होकाराला मोल येते. विलापांनी भरलेल्या संग्रहाला 'स्तवने' हे नाव देणाऱ्या अज्ञात संग्राहकांनी हे ओळखले होते, असे म्हणावे लागते. म्हणूनच मराठी ख्रिस्ती काव्याचे मूल्यमापन करताना त्यातील सांत्वनाइतकेच त्यातील गाऱ्हाणेही तपासले पाहिजे.