शून्यांच्या बदल्यात

रास्पबेरी पायच्या टर्मिनलवरची एक छोटी कमांड आपण सावकाश वाचू या: आधी 'स्पाय-कॉन्फिग', मग उपकरणाचे नाव 'स्पायडेव्ह०.०', आणि शेवटी मोड ०. मोटोरोलाने १९८०च्या दशकात रूढ केलेल्या एसपीआय बसवरच्या संभाषणाचा सारा शिष्टाचार या ओळीत सामावला आहे. उपकरणाच्या नावातले पहिले शून्य बस सांगते, दुसरे शून्य त्या बसवरची चिप. निवडीच्या तारेने जिला हाक घातली तिनेच बोलायचे आणि बाकीच्यांनी मौन पाळायचे.

मोडचा आकडा ० ते ३ यांपैकी एक, पण त्यात दोन प्रश्नांची उत्तरे एकवटलेली असतात: काम नसताना क्लॉकची तार खाली विसावणार की वर, आणि बिट वाचायचा तो तिच्या पहिल्या पालटाला की दुसऱ्या. मोड ०मध्ये तार खाली विसावते आणि वर चढताच बिट वाचला जातो. मोड ३मध्ये ती वर विसावते, आधी खाली उतरते आणि पुन्हा वर चढताना बिट वाचला जातो. विसावा निराळा, वाचनाचा क्षण मात्र चढणीचाच. म्हणून तर विनबाँडची डब्ल्यू२५क्यू१२८एफव्ही ही फ्लॅश चिप या दोन्ही मोडांना सारखीच दाद देते. वेग मात्र पुढच्या कमांडमध्येच लिहावा, कारण उपकरणाची फाइल बंद होताच लिनक्स मोड लक्षात ठेवतो, पण वेग विसरून मूळ कमाल मर्यादेवर परततो.

आता 'स्पाय-पाइप'ने, दहा लाख हर्ट्‌झच्या वेगाने, या चिपला आपण चार बाइट पाठवू: पहिला सोळाच्या पायातला ९एफ, म्हणजे तिची ओळख विचारणारा प्रश्न, आणि त्यामागे तीन शून्ये. प्रश्न एका बाइटात संपला, तरी शून्ये हवीतच. कारण क्लॉक आपल्याच हाती असतो आणि आपला एक बिट गेल्यावाचून तिचा एक बिट येत नाही. रहाटाची रिकामी गाडगी विहिरीत उतरतात तेव्हाच भरलेली वर येतात, तशी ही शून्ये उत्तर उपसून आणतात.

येणारे बाइटही चारच. पहिला निरर्थक, कारण प्रश्न पुरता ऐकण्याआधी उत्तर कोण देणार? मग ईएफ, ४० आणि १८: निर्माता, स्मृतीचा प्रकार आणि क्षमता. सोळाच्या पायातले १८ म्हणजे आपले २४, आणि दोनाचा चोविसावा घात १,६७,७७,२१६. तेवढेच बाइट या चिपमध्ये मावतात! एसपीआयची खरी गोडी इथे आहे: देणे आणि घेणे क्लॉकच्या एकाच ठोक्यावर घडते, आणि तो ठोका दोन्ही बाजूंनी सारखाच मानला की काही न सांगणारी तीन शून्येदेखील एका चिपची संपूर्ण ओळख आपल्या हाती देतात.