लसाविचा पाऊस

आमचे नाना चाळीस वर्षे परळच्या चाळीत, वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली झोपले. आता अकराव्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये झोपत नाहीत. आई गेल्यापासून तर मुळीच नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या उशीखाली जमतात. विचारले तर म्हणतात, "घराला आवाजच नाही रे."

तेव्हा आमच्या भाच्याने घरात पाऊस पाडायचे ठरवले. त्याच्या कॉम्प्युटरात 'व्हायटल' नावाचा सॉफ्टवेअर सिंथेसायझर आहे. म्हणजे बाजाची पेटी, पण पेटी नसलेली. त्याची साधी आवृत्ती फुकट मिळते हे कळल्यावर आमचे निम्मे आक्षेप गळाले. पाऊस करायची कृती सोपी. रेडिओचे स्टेशन हरवल्यावर येते तसली खरखर घ्यायची, फिल्टरने तिचा वरचा कर्कशपणा कापायचा, मग एक संथ लाट जोडून ती सावकाश वरखाली करायची. सर येते, ओसरते. चार थेंब वेगळे बनवून वर टाकायचे. ऐकून मी "वा!" म्हणालो. पासबुक भरण्यात हयात गेलेला माणूस आणखी काय म्हणणार?

नानांनी पाच मिनिटे ऐकले. "हा थेंब मघाशी पडला होता," म्हणाले.

आणि खरेच होते हो! भाच्याने बारा सेकंदांचा तुकडा परत परत फिरवला होता. बाजारात झोपेसाठी म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ आवाजांचे हेच दुखणे. एकदा सांधा सापडला की कान त्याचीच वाट पाहत बसतो, आणि वाट पाहणाऱ्याला झोप कुठली?

ब्रायन ईनो या इंग्रज गृहस्थांनी यावर फार पूर्वी तोड काढली होती. १९७८ साली त्यांनी 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' ही तबकडी काढली. त्यातल्या पहिल्या भागातला पियानो सतरा मिनिटे चालतो, पण अंगावर येत नाही. पाहुणा असावा तर असा. दुसऱ्या भागात नुसते गळ्यांचे 'आ'. कारागिरी उत्तम, पण रात्री एकट्या माणसाला ऐकवू नये, घर आणखीच रिकामे वाटते. त्याची गोम ईनोंनी १९९६ साली एका भाषणात सांगितली. टेपचा एक वेढा साडेतेवीस सेकंदांचा, दुसरा २५ पूर्णांक ७/८, तिसरा २९ पूर्णांक १५/१६. तिन्ही आपापले फिरतात, एकमेकांशी जमवून घेत नाहीत.

इथे माझ्यातला बी. कॉम. जागा झाला. लसावि काढला : २३,३०,०९५ सेकंद, वर अर्धा. म्हणजे जवळजवळ २७ दिवस! तोवर तीच जुळणी पुन्हा येत नाही. भाच्याला म्हटले, "अरे, सर, थेंब आणि पन्हळ वेगवेगळ्या लांबीची कर, आणि आकडे जुळू देऊ नकोस." आकडे जुळू नयेत म्हणून मी आयुष्यात प्रथमच झटत होतो. टेबलाखालच्या कप्प्यात स्पीकर ठेवून आम्ही झोपलो.

रात्री अडीचला नानांनी दारावर थाप मारली. एप्रिल महिना, बाहेर पान हलत नव्हते. डोळे अर्धे मिटलेले, आवाज झोपेने जड झालेला.

"गॅलरीतले कपडे आत घे रे," म्हणाले, आणि परत जाऊन आडवे झाले.

मी उठलो. कपडे आत घेतले.