‘ॲनिमल क्रॉसिंग’मधील गाव आणि स्मरणरंजन

‘ॲनिमल क्रॉसिंग’ ही ग्रामजीवनावरील व्हिडिओ-खेळांची मालिका जपानमध्ये २००१ साली निन्टेन्डो ६४ या यंत्रावर अवतरली. तिचे रचनाकार कात्सुया एगुची हे चिबा सोडून नोकरीनिमित्त क्योतोस आले होते; आप्तमित्र दुरावल्याची जाणीव हे या खेळाचे बीज होय, असे त्यांनीच सांगितले आहे. हे स्मरणरंजन म्हणजे केवळ गोड स्वप्न नव्हे, हे यावरून ध्यानी यावे.

येथील घड्याळ बाहेरच्या घड्याळाबरोबर चालते. खेळणारा महिनाभर फिरकला नाही, तर गावात तण माजते, घरात झुरळे होतात, एखादा शेजारी पत्र ठेवून निघून गेलेला असतो. उरलेले इतक्या दिवसांच्या गैरहजेरीचा जाब विचारतात. आपल्यावाचून गावाचे अडले नाही, हा प्रत्यय बोचरा खरा. पण परतण्याला अर्थ येतो तो त्यामुळेच.

२०२० सालच्या ‘न्यू होरायझन्स’मध्ये शेजारी सहसा आपल्या संमतीवाचून जात नाही. नदीचे वळण व कड्याची उंचीदेखील खेळणाऱ्याच्या इच्छेवर! दृश्य अधिक देखणे झाले, हे मान्य. परंतु गावाच्या जागी बाग आली. म्हणूनच जुन्या खेळाविषयीची हळहळ ही निव्वळ बालपणाची ओढ, असे म्हणून बाजूस सारता येत नाही. गावाला स्वतःचे मन असावे, ही तीतील मागणी रास्त आहे. आरंभीच्या खेळातील काही शेजारी तर घरी आलेल्याचा तोंडावर पाणउताराही करीत.